दादाच्या डोक्यातले ग्राहक

१८ ऑगस्ट

ग्राहकांची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरचा तिसरा डेमो झाला. हेही नाही चालायचं.

पुण्याचा तो स्वरूप स्क्रीनवर बोलत सुटला होता— "मॅडम, लीड आली की आधी इथे पडते, मग फॉलो-अप, मग क्लोजर." लीड म्हणजे नवं गिऱ्हाईक म्हणे. लीड कसली! आमच्याकडे माणूस फोन करतो, "यज्ञेश, बॅटरी गेली रे," नि दादा निघतो. मिरजोळ्याला गाळा घेतला तेव्हापासून इन्व्हर्टरचा धंदा असाच चाललाय. कुणाची बॅटरी कधी बसवली, कुणाच्या बॅटरीत पाणी घालायचं झालं, कुठले मुंबईकर घर बंद करून जातात— सगळं माझ्या भावाच्या डोक्यात. कागदावर कधी काही नव्हतंच.

आणि आता ते डोक्यातनं जायला लागलंय.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी जुलैत सांगितलं, वहिनीला आणि मला. दादा तेव्हा रक्त द्यायला खाली गेला होता. "औषधं देऊ. पण मागे नाही फिरणार हे." चोपन्न हे काय विसरायचं वय आहे? वहिनीनं माझा हात धरला— "ह्यांना कळता कामा नये." त्याला सांगितलं, बी-ट्वेल्व्ह कमी आहे. "मग मासे वाढवा म्हणजे झालं!" म्हणाला आणि हसला.

म्हणून हे सॉफ्टवेअर हवंय. त्याला सांगितलंय— धंदा वाढतोय, म्हणून.

२१ ऑगस्ट

फुकटवालं एक उतरवून बघितलं. सगळं इंग्रजीत आणि रकानेच रकाने. आमचा मेकॅनिक सुजय बघून म्हणाला, "ताई, लोकांच्या पडवीत उभा राहून एवढं कोण भरील?" खरंच आहे. तेही बाद.

पण भरायचं तरी काय? दुपारी दादाला घेऊन बसले. म्हटलं, गणपतीआधी कुणाकुणाकडे जायचंय ते सांग, मी टाइप करते. भराभर सांगायला लागला. वाड्या, घरं, घराबाहेरचे कुत्रे सुद्धा! मला वाटलं, डॉक्टर चुकले.

मग हातखंब्याचे हॉटेलवाले आले. थोड्या वेळानं परत तेच. मग परत— नव्यानं, तितक्याच उत्साहानं. "लिहिलंस ना गो?"

लिहिलं म्हटलं. प्रत्येक वेळी.

२८ ऑगस्ट

नको होतं तेच झालं.

काल संध्याकाळी आरतीच्या वेळेला गोळपला लाईट गेले. आमचे जुने ग्राहक आत्मारामकाका, त्यांच्याकडे सगळे मुंबईहून आलेले, घर भरलेलं. इन्व्हर्टर चालूच झाला नाही. काळोखात दमयंतीकाकू समई आणायला गेल्या नि पायरीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलंय.

काकांचा फोन मीच घेतला. "यज्ञेश म्हणाला होता, येऊन बॅटरी बघून गेलो म्हणून! कुणी आलंच नव्हतं गो इकडे!"

दादाला विचारलं. "गेलो होतो की! पाणी घातलं. काकूंनी चहा दिला, गवती चहा घातलेला."

तो चहा मागच्या वर्षीचा होता.

३० ऑगस्ट

गोळपची गोष्ट पसरली. दोन सोसायट्यांनी आमचं काम काढून घेतलं. दादाला बोलले नाही.

४ सप्टेंबर

काकूंना बघायला इस्पितळात गेलो. दादाच म्हणाला, जायला हवं.

काकू डोळे मिटून पडलेल्या. आत्मारामकाका आम्हाला बाहेर घेऊन आले. ओरडले असते तर बरं होतं. हळू बोलले. "चुकून राहिलं म्हणाला असतास तर मी कधीच विसरून गेलो असतो, यज्ञेश. पण तू खोटं बोललास. हरिहरांचा मुलगा खोटं बोलला."

दादा भिंतीला टेकून उभा. मला एकच वाक्य बोलायचं होतं— काका, तो आजारी आहे. गिळलं.

वहिनीला शब्द दिलाय. कसला हा शब्द! माझ्या भावाला खोटारडा ठरवणारा.

रात्री तो जेवला नाही.

९ सप्टेंबर

स्वरूपचंच निवडलं. मराठीत आहे, फोनवर चालतं, रेंज नसली तरी चालतं. सुजय पण हो म्हणाला. आनंद शून्य.

स्वरूपला विचारलं, "कुणाकडे जायचं ते हे आपणहून आठवण करून देईल?"

"शंभर टक्के, मॅडम! फक्त एकदा आत भरलेलं हवं."

तेच तर. जे आधीच गेलंय ते कुठनं भरू?

१२ सप्टेंबर

वहिनी म्हणते, ह्यांना आता घरी बसवूया. त्याला सांगणार कोण, विचारलं. ती भांडी आवरायला उठली. मी गाळ्यावर निघून आले.

१५ सप्टेंबर

स्वरूप आज स्वतः आला, सगळं चालू करून द्यायला. "चाचणीला एक ग्राहक भरूया. कुणाचं नाव घालू?"

दादा खुर्ची ओढून शेजारी बसला. "माझं घाल. यज्ञेश हरिहर, मिरजोळे. रोज सकाळी फोन करून सांगायचं, काल कुठे गेला होतास नि आज कुठे जायचंय."

स्वरूप हसला. "सर, इथे तक्रार लिहायची असते."

"लिही की. विसरतो."

मग माझ्याकडे वळला.

"कोल्हापूरहून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांना फोन केला होता, अवनी. सगळं विचारून घेतलं."

"मग काकांसमोर बोलला का नाहीस?"

"तू एवढं जिवापाड लपवत होतीस. तुझ्यादेखत कसं बोलू?" मग उठला. "पण खोटारडा म्हणून नाही राहायचं मला. चल गोळपला, काकांकडे. तुझ्या वहिनीलाही घे वाटेत."

आणि गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.