लोटनचं नळकांडं

१६ एप्रिल १९८४, सोमवार
आले बाई धुळ्याला! धाकट्या जीवरामनं देवपुरात घर बांधलंय, नळ थेट मोरीत. एरंडोलला माझा जन्म विहिरीवर गेला, इथे तोटी फिरवली की धो धो. आणि पाळण्यात नात, छकुली! गाल असे फुगलेले की तळलेली सांजोरी. प्रौढांच्या वर्गात शिकलेली अक्षरं विसरू नयेत म्हणून सुनंदानं, सूनबाईनं, वही दिली. म्हणाली, आई, रोज लिहा, तेवढाच माझ्या कानांना आराम. फटकळ आहे, पण गुणाची.

सामानात लोटनचं नळकांडंही आणलं. लोटन माझा थोरला, फौजेतला. शेवटच्या सुट्टीत तोफगोळ्याचं हे लोखंडी कवच घेऊन आला होता, दारू काढून निकामी केलेलं. म्हणाला, माय, यात फुलं ठेव. मी तुरीची डाळ ठेवली! मग एकाहत्तरची लढाई झाली, तार आली, बेपत्ता. बेपत्ता म्हणजे गेलेला नव्हे, हे मी सगळ्या गावाला ऐकवलंय. नळकांडं मात्र गंजून लाल झालं. जीवराम म्हणतो, नव्या घरात बॉम्ब आणलास! मी म्हटलं, तुझ्या घोरण्यापेक्षा गरीब आहे तो.

१९ एप्रिल
रॉकेलमध्ये भिजवलं, विटेचा चुरा घेऊन काथ्यानं घासलं. बोटं सोलली, पण लोखंड कसं काळंभोर निघालं! बुडाशी खिळ्यानं कोरलेलं त्याचं नाव दिसलं. तिथे मी थांबले जरा. गळतं का पाहायला पाणी भरून फडताळावर ठेवलं.

२१ एप्रिल
पाणी नाही. फळी कोरडी, गळती कुठेच नाही. पुन्हा भरलं, जेवणं होईतो रिकामं. सुनंदा म्हणते, ऊन आहे. शेजारची बादली मग कशी भरलेली? मला भीती नाही वाटली. पोर उन्हातून घरी यायचं, तांब्या एका दमात संपवायचं, तसंच. रोज भरीन.

२६ एप्रिल
नळाला पाणी आलं नाही, म्हणून नळकांडं कोरडं राहिलं. छकुलीचे ओठ फुटले. टाळू खोल गेली. डॉक्टरनं सलाईन लावलं, तरी तशीच. घरी येऊन मी शेजारून पाणी आणून नळकांडं भरलं आणि ती हसली. कुणाला सांगितलं नाही.

३० एप्रिल
हंडा ओतला तरी पुरत नाही. छकुली दूध पिते, जीभ तरी कोरडी.

सुनंदाकडून सगळं ऐकून शेजारच्या बेबाबाईंनी विचारलं, अक्का, आखाजीला घागर कोणाची भरता? मी म्हटलं, आमच्या मालकांची. अक्षय्य तृतीयेला गेलेल्याचं नाव घेऊन त्याची घागर भरायची, खान्देशात हे कोण चुकतं? त्या म्हणाल्या, आणि लोटनची? मी भांडले. त्या हळूच म्हणाल्या, नाव घेऊन दिल्याशिवाय तो पिणार कसा? पितोय, पण पोटात जात नाही त्याच्या.

बारा आखाज्या झाल्या. मीच नाही भरली.

२ मे
जीवराम नळकांडं पांझरा नदीत टाकून आला. मी ओरडले, तो रडला. मागे वळलो तर नळकांडं पुन्हा फडताळावर— ओलं. वाळू लागलेली.

छकुली रडते, डोळ्यांत पाणी येत नाही.

४ मे, आखाजी
घागरी दोन. मालकांची भरली, नाव घेतलं. दुसरी भरली— तोंड उघडत नाही. नाव घेतलं म्हणजे मीच त्याला—

सुनंदा पाय धरते. आई, घ्या ना नाव. छकुलीचा आवाज बसला.

नाव लिहून घागरीखाली ठेवते. लिहिता येतं मला.

फडताळावरून बोलतो. त्याचाच आवाज. माय, मी जित्ता शे.

जित्ता आहे म्हणतो—

माय, नको लिहू.

असशील रे बाळा. पण ही एवढीशी आहे. पाणी पी आणि जा. पोटभर पी, माझ्या राजा—

कैलासवासी लोट—