पटायाचे मत्स्यालय

हिंगणघाट,
दि. २ एप्रिल २०२५

तीर्थरूप शकुंतलाआत्यास,
प्रेरणाचा शि. सा. न. वि. वि.

कानाचे नवे यंत्र पुन्हा डब्यात गेल्याचे तुझ्या पत्रातून कळले. ते घातले की शेजाऱ्यांचा कूलर तेवढा ऐकू येतो, ही तक्रार वाचून मी खूप हसले. पण तुला फोनवर ऐकू येत नाही, हे आज माझ्या सोयीचेच आहे. तुझ्याशी मोठ्याने बोलावे लागते, आणि जे सांगायचे आहे ते मोठ्याने सांगण्यासारखे नाही. त्यातून घर आणि दुकान यांच्यामध्ये एकच भिंत.

योगेंद्रदादाच्या कृषी केंद्राने गेल्या हंगामात कपाशीच्या बियाण्याची ठरल्यापेक्षा जास्त पाकिटे विकली. म्हणून बियाण्याची कंपनी यंदाही त्याला इतर दुकानदारांबरोबर थायलंडातल्या पटायाला नेणार आहे. ते समुद्रकाठचे शहर कशासाठी प्रसिद्ध आहे, हे इथल्या बाजारपेठेत सर्वांना ठाऊक आहे आणि बायकांसमोर कोणीच बोलत नाही. दादाचे हे तिसरे वर्ष. आजवर हे दुकानदार एकटेच जात. यंदा हर्षावहिनीने जाहीर केले की मुलांना सुट्या आहेत, आमचा खर्च वेगळा भरा, आम्हीही येणार. दादाने आधी हसण्यावारी नेले. मग म्हणाला की तुले काऊन यायचं आहे तिथं, लेकरायचं काय काम? वहिनी शांतपणे म्हणाली की समुद्र काय फक्त दुकानदारांसाठीच आहे? वडनेरला ज्यांचे खतांचे दुकान आहे, ते बंडूजी त्या दिवशी आपल्याकडे बसले होते. ते म्हणाले की लोकं तिकडे जाऊन पटवतात, आमचा योगूभाऊ घरची पटवलेलीच घेऊन चालला. सगळे हसले. दादाही हसला, पण त्याचे कान लाल झाले.

वहिनीच्या हट्टाचे कारण मला ठाऊक आहे. मागच्या सहलीचे एक छायाचित्र बंडूजींच्या पत्नीने तिला मोबाइलवर पाठवले होते. गळ्यात फुलांची माळ घातलेला दादा, त्याच्या दोन्ही बाजूंना अनोळखी बायका, आणि दादा असा हसतो आहे जसा मी त्याला घरात कधी पाहिलेला नाही. वहिनीने त्याविषयी त्याला आजपर्यंत एका शब्दाने विचारलेले नाही. मला मात्र दाखवले, आणि मीही काही बोलले नाही.

आत्या, वहिनीने तिथे जावे, भांडावे, जाब विचारावा. तो तिचा हक्क आहे. पण काल ती वर्षालीच्या वेण्या घालताना तिला शिकवीत होती, ते मी ऐकले. तिथे गेल्यावर बाबांचे बोट सोडायचे नाही. संध्याकाळी ते निघाले की मीही येते म्हणायचे. नाही म्हणाले तर पोट दुखते म्हणायचे. आणि कुठे गेले, कोणाशी बोलले, ते येऊन मला सांगायचे. वर्षालीने विचारले की हे गोलूलाही सांगू का. वहिनी म्हणाली की तो सहा वर्षांचा आहे, त्याच्या पोटात काही राहत नाही, तू मोठी आहेस. वर्षाली दहा वर्षांची आहे, आत्या. मोठी म्हटल्याबरोबर तिने मान अशी ताठ केली, की अर्धी वेणी वहिनीच्या हातातून सुटली.

गोलूला सांभाळायला मीही चलावे, असा आग्रह आहे. माझी एम.ए.ची परीक्षा बावीस तारखेला संपते, त्यामुळे सबबही उरलेली नाही. हे बरोबर नाही, असे वहिनीला सांगण्यासाठी मी वाक्ये जुळवून ठेवते, आणि ती समोर आली की भाजी कोणती चिरायची ते विचारते. मी काय करावे, ते कळव.

आहे हा लोभ असाच राहू दे.
तुझी,
प्रेरणा


आर्वी,
दि. ९ एप्रिल २०२५

चि. प्रेरणास,
शकुंतलाआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे अक्षर पाहिले की मास्तरीण असतानाची सवय उफाळून येते आणि दहापैकी दहा द्यावेसे वाटतात. हिमतीचे मात्र दोनच देईन. ते दोन पत्र लिहिल्याबद्दल.

आता एक सांगते, जे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. तुझे आजोबा, म्हणजे माझे वडील किसनराव, कापसाची दलाली करीत. पौषात बैलांच्या शर्यती भरत, तिथे ते दरवर्षी जात, आणि माझी आई मला त्यांच्याबरोबर रेंगीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसवून देई. सगळे म्हणत, काय लाडाची लेक आहे, बाप सोडत नाही तिले. मलाही तसेच वाटे. तिथे पोचल्यावर बाबा मला चिवड्याच्या दुकानात बसवून कापडी तंबूकडे जात. त्या तंबूत बायका नाचत. घरी आल्यावर आई मला चुलीपाशी घेऊन विचारी की ते कुठे कुठे गेलते. दोन वर्षे मी सांगितले की बाबा बैलच पाहत होते. बाबांनी मला तसे सांगायला कधी सांगितले नव्हते; चिवडा हातावर ठेवताना ते फक्त माझ्याकडे पाहत. तिसऱ्या वर्षी मी खरे बोलले. मी अकरा वर्षांची होते.

आई धाकट्या मधुकरला, म्हणजे तुझ्या वडिलांना, घेऊन माहेरी गेली ती चार महिन्यांनी आली. मला नेले नाही; बाबांच्या भाकरी कोणी थापायच्या? त्या चार महिन्यांत बाबा माझ्यावर एकदाही रागावले नाहीत. मला शकू म्हणणे तेवढे बंद झाले. मरेपर्यंत शकुंतला.

म्हणून सांगते, मला त्या शहराची भीती नाही. जिथे संध्याकाळी मोठ्यांचा धिंगाणा चालतो, तिथे सकाळी पोरे वाळूत खेळू शकतात. मला भीती आहे ती वर्षालीला दिलेल्या कामाची. ते काम तिच्याकडून काढून घे. निघण्याच्या आधी हर्षाशी बोल. मीच फोन केला असता, पण माझे बोलणे म्हणजे एसटी डेपोतली घोषणा. सगळी बाजारपेठ ऐकेल.

पापड वाळले आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवते. माया आहेच, ती लिहून दाखवावी लागत नाही.
तुझी,
आत्या


पटाया,
दि. ३० एप्रिल २०२५

तीर्थरूप आत्यास,
प्रेरणाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र हॉटेलात लिहिते आहे. घरी पोचल्यावर टपालात टाकीन. मी वहिनीशी बोलले नाही. हे सुरुवातीलाच लिहिते, म्हणजे पुढचे वाचताना तू आशा धरणार नाहीस.

सकाळी हे शहर अगदी साधे दिसते. न्याहारीला नागपूरची तीन कुटुंबे भेटली, त्यांतल्या एका काकूंनी आम्हाला डब्यातले मेथीचे पराठे वाढले. गोलू पहिल्या लाटेला घाबरून रडला आणि दुसऱ्या लाटेनंतर पाण्याबाहेर येईना. पण हॉटेलापासून दहा मिनिटांवर तो रस्ता आहे. दिवस कलला की तिथल्या पाट्या पेटू लागतात, आणि तिथून जाताना वहिनी मुलांच्या डोळ्यांवर ओढणी धरते. गोलूला तो खेळ वाटतो. वर्षालीने मला विचारले की ज्या दुकानांवर नुसती बायकांची चित्रे आहेत, ती दुकाने काय विकतात. मी म्हणाले की मला थाई भाषा वाचता येत नाही. ती म्हणाली की पाटी तर इंग्रजीत आहे.

दुकानदारांनी वर्षालीचे नाव थानेदारीणबाई ठेवले आहे. तिला पाहून कोणी ग्लास खुर्चीखाली सरकवतो, कोणी सिगारेट मागे धरतो. बंडूजी दादाला म्हणतात की थानेदारीणबाईले विचारून घ्या योगूभाऊ, सुटी मंजूर हाय का. परवापर्यंत ती यावर खुलून हसत होती.

काल उन्हे असतानाच दादा त्यांच्याबरोबर निघाला. वर्षालीने बोट धरले. तो नाही म्हणाला, तेव्हा तिने पोट दुखत असल्याचे सांगितले. हे पोटदुखणे दोन दिवसांतले तिसरे होते. बंडूजी दारात उभे राहून हसत होते. दादा एकदम चिडला, म्हणाला की चाल मग तूही, पाह्य काय पाह्यचं आहे ते. आणि खरोखरच तिला घेऊन गेला. वहिनी अडवू शकली असती. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिला तेच हवे होते. मीही अडवू शकले असते.

दीड तासाने दोघे परतले. वहिनीने लगेच वर्षालीला जवळ घेतले. पोरीने सांगितले की बाबांनी मत्स्यालय दाखवले. काचेचा बोगदा होता, डोक्यावरून एक मासा गेला, त्याचे पोट पांढरे आणि शेपटी काठीसारखी. मग बाबांनी आइसक्रीम दिले. ती न अडखळता सांगत होती. वहिनीचा चेहरा असा निवळला, की या सहलीत पहिल्यांदाच ती पोटभर जेवली. मलाही हायसे वाटले. मी तर मनात दादाची क्षमासुद्धा मागितली.

आज सकाळी खाली स्वागतकक्षात त्या मत्स्यालयाचे पत्रक दिसले. त्यावर काचेचा बोगदा होता आणि काठीसारख्या शेपटीचा तोच मासा होता. वर चिठ्ठी चिकटवली होती की दुरुस्तीमुळे मत्स्यालय महिनाभर बंद आहे.

वर्षाली आज बाबांचे बोट धरत नाही. कोणाचेच धरत नाही. समुद्रात उतरतानाही हात पाठीमागे बांधून चालते. तुझे पत्र माझ्याजवळ आहे, आणि मला ते उघडण्याची लाज वाटते.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
तुझी,
प्रेरणा


हिंगणघाट,
दि. ५ मे २०२५

प्रिय दादा आणि वहिनी,
प्रेरणाचा सा. न. वि. वि.

एकाच घरात राहून पत्र लिहिते आहे, त्याला हसलात तरी चालेल. पण पूर्ण वाचा. तोंडाने मला हे कधीच जमणार नाही.

पटायाचे मत्स्यालय आपण तिथे होतो त्या दिवसांत बंद होते. वर्षालीला मी काही विचारलेले नाही आणि तुम्हीही विचारू नये. दादा, तू कुठे गेला होतास, हे मला जाणून घ्यायचे नाही. ते तू वहिनीला सांग. वहिनी, तुझ्याजवळ जे छायाचित्र आहे ते दादाला दाखव, आणि जे विचारायचे ते त्यालाच विचार. तुम्हा दोघांमध्ये बोलणे होत नाही, म्हणून वर्षालीला एकाचे डोळे आणि दुसऱ्याचे तोंड व्हावे लागले आहे. सगळे ठाऊक असून मी गप्प राहिले, तेव्हा या दोषात माझाही वाटा आहे.

दोघांनी मिळून वाचावे, म्हणून एकच प्रत लिहिली आहे.

तुमचा लोभ मला हवाच आहे, पण आधी तो वर्षालीला मिळावा.
तुमची,
प्रेरणा


हिंगणघाट,
दि. ९ मे २०२५

तीर्थरूप आत्यास,
प्रेरणाचा शि. सा. न. वि. वि.

मी बोलले, आत्या. म्हणजे लिहिले. पत्र आधी वहिनीने वाचले आणि दुकानात नेऊन दादाच्या पुढ्यात ठेवले. दादाने भर दुपारी दुकानाचे शटर ओढले. हंगाम तोंडावर असताना आपल्या दुकानात असे कधी झालेले नाही.

दोघे दार लावून बोलत होती. इतकी वर्षे या घरात मी त्यांचे भांडण ऐकले नव्हते. त्या दिवशी ऐकले, आणि विचित्र वाटेल, पण मला बरे वाटले. त्या रस्त्यावर काय झाले, ते मला कळले नाही. एवढे मात्र दादाने नंतर माझ्यासमोर सांगितले, की परत येताना वर्षालीनेच त्याला विचारले होते, आईले काय सांगू? त्याच्याजवळ मत्स्यालयाचे पत्रक होते. रस्त्याच्या कडेला थांबून त्याने तिला त्यातले मासे दाखवले, बोगदा समजावला, आणि पाढे म्हणवून घ्यावेत तसे दोनदा म्हणवून घेतले. हे सांगताना तो आमच्यापैकी कोणाकडे पाहत नव्हता. वहिनी म्हणाली की पोट दुखते म्हणायला तिला मी शिकवले होते.

काल सकाळी दादाने वर्षालीला जवळ बोलावले. वहिनी तिथेच बसली होती. तो म्हणाला की बेटा, आपण मत्स्यालयात गेलोच नव्हतो, मी तुले खोटं शिकवलं, माही चुकी झाली. आता तुले काही लक्षात ठेवायचं काम नाई.

वर्षालीने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा वहिनीकडे. आणि सुरुवात केली. काचेचा बोगदा होता. डोक्यावरून एक मासा गेला. त्याचे पोट पांढरे होते. दादा नको नको म्हणत राहिला, तिचा आवाज चढत गेला. आता त्यात त्या पत्रकात नसलेले मासेही आले होते, त्यांचे रंग, त्यांची पिले. वहिनीने तिला पोटाशी धरले, तर ती सुटून उभी राहिली आणि तिला म्हणाली की आई, तू बाबाचं ऐकू नको, बाबा खोटं बोलून राह्यले.

ऊन फार आहे, तरी पहिल्या एसटीने ये. या घरात आता असे कोणी हवे आहे, की जे तिला काहीच विचारणार नाही.

लोभ घेऊनच ये.
तुझी,
प्रेरणा