एकेचाळिसावा प्रश्न

प्रिय दलेंदाताई,

तुझ्या शिव्यांवाचून करमत नाही म्हणून लिहितोय, असं समजू नको. मी मजेत आहे. नगरपालिकेसमोरच्या आपल्या अर्ज लिहून देण्याच्या दुकानात रांग तेवढीच लांब, आणि हेदीकाका अजून एका बोटानेच टाइप करतात. काल एका म्हाताऱ्याने बायकोविरुद्ध दोन पानं तक्रार सांगितली. वाचून दाखवली तर म्हणतो, "एवढीही वाईट नाही हो ती. खोडा." काका माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ गाढवा, म्हणून मी घाई करत नाही."

काकांची रीत तुला मी काय सांगू. माणसाने पूर्ण ऐकून होकार दिल्याशिवाय फाइल साठवायची नाही, अपशकुन होतो. तोवर ती नुसती उघडी ठेवायची. रात्री संगणक बंद केला तरी सकाळी तो कालची पानं परत मांडतो, त्या भरवशावर अख्खं दुकान चालतं.

आणि मग तो मंगळवार. तू संगणक लावलास आणि खिडक्यांवर खिडक्या. "ही फाइल जागेवर नाही, ठेवू का?" नाही. परत तेच. नाही. बाहेर लोक दार ठोकतायत, तू म्हणालीस, "या मेल्याला सकाळी सकाळी माझीच चौकशी करायचीय." मी कोपऱ्यात हसत होतो. तुला वाटलं, तुझ्यावर हसतोय. अर्धं बरोबर होतं.

शेवटची खिडकी वेगळी होती. "ही फाइल साठवलेली नाही, ठेवू का?" तुझं बोट तोवर घोड्यावर बसलेलं. नाही. मबरूकामावशींचा घराचा अर्ज गेला, तीन दिवस सांगितलेला. मावशींनी परत सांगितला, दुपारच्या आत नगरपालिकेत दिलाही. पण काका सगळ्यांसमोर म्हणाले, "न वाचता नाही म्हणणारीच्या हातात मी लोकांची घरं कशी देऊ?" तू पिशवी उचललीस आणि गेलीस.

ताई, आधीच्या संध्याकाळी पेन ड्राइव्हवरच्या चाळीस रिकाम्या फाइली मीच उघडल्या होत्या. मग ड्राइव्ह काढून खिशात टाकला, म्हणजे सकाळी संगणक एकेका फाइलसाठी विचारत बसेल. तुला चाळीस वेळा "नाही" म्हणायला लावायचं, एवढाच बेत. मावशींचा अर्ज त्या रांगेत उभा असेल, हे डोक्यातच आलं नाही.

आज सकाळी रांगेसमोरच काकांना सांगितलं. त्यांनी कीबोर्ड ओढून घेतला, आता महिनाभर मी नुसता झाडू मारायचा. नगरपालिकेतल्या कारकुनाच्या जागेसाठी सोमवारी तुला बोलावलंय, हे तुझ्या आईकडून कळलं. तिथे विचारतील, आधीचं काम का सोडलं. तू गप्प बसशील, मला माहितीय. गप्प बसू नको, हे पत्र पुढे ठेव. खाली काकांची सही आहे, दुकानाचा शिक्काही. परत ये असं म्हणणार नाही, तुला ती जागा मिळणारच आहे. मग आमचे अर्ज तुझ्याच टेबलावर येतील. माझे तेवढे पूर्ण वाच.

तुझाच दुकानातला आगाऊ भाऊ,
नौफल