गुडघ्यामागची गाठ

धाकट्या,

माझ्या गुडघ्यामागच्या गाठीसाठी तू मला दवाखान्यात नेलंस, तेव्हापासून तुझ्याबद्दल माझं मन साफ नाही. शिलाई मशीनचं पायडल मारताना जीव जायचा, म्हणून मी तयार झाले. डॉक्टरीणबाईंनी मला पालथं निजवलं, थंडगार जेल लावलं आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत सुई थेट गाठीत घातली. मधासारखं घट्ट, पिवळं पाणी निघालं. "साधी पाण्याची गाठ आहे," त्या म्हणाल्या.

मग तू त्यांना बाजूला नेऊन काय कुजबुजलास? मी दाराशी आले तसे दोघंही गप्प झालात. मला वाटलं, झालं, कॅन्सर असणार आणि ताईला सांगायचं नाही असं ठरलं असणार. गाठ गेली, पण झोपही गेली.

काल तपासणीला एकटीच गेले आणि बाईंना धारेवर धरलं. "खरं सांगा, किती दिवस उरलेत माझे?"

त्यांना हसूच आलं. "तुम्ही ठणठणीत आहात. ते बोलणं तुमच्याबद्दल नव्हतं. पुढचं भावालाच विचारा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दवाखान्याचा जिना उतरताना तू माझा हात घट्ट धरला होतास, तो मला आधार द्यायला नव्हे, स्वतःचा दुखरा गुडघा सावरायला! तुलाही तशीच गाठ आलीय.

सुईला तू लहानपणापासून घाबरतोस. हे पत्र हाती पडलं, तर पाय लपवून पळ काढशील. म्हणून पाठवतच नाही. उद्या न कळवता येते आणि तुला त्याच दवाखान्यात नेऊन माझ्यासमोर पालथं निजवते.

तुझ्या एका शब्दावरही विश्वास नसलेली,
ताई