गिरगाव दोन किलोमीटरांत बसत नाही

आये, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच तुला लिहितेय. वाचणाऱ्याला लिहायचं तर मला लाज वाटते. तिसरीतलं माझं अक्षर, आणि पुढची साठ वर्षं ते पोळपाटाखालीच राहिलं.

तू गेल्यावर काय काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. एवढंच सांगते, की एक रोग आला आणि सरकारनं माणसांना घरात कोंडलं. तुझ्या वेळी कर्फ्यू लागायचा, पण तो सरळ होता, बाहेर दिसला की दांडा. ह्याचं तसं नव्हतं. आज रस्त्याच्या ह्या बाजूची दुकानं उघडी, उद्या त्या बाजूची. पासष्टच्या वरच्यांनी उंबरा ओलांडायचा नाही. मग ओलांडा म्हणाले, पण घरापासून दोन किलोमीटर. चाळीत कोणी खोकलं की दारात बांबू आडवे. सून सकाळी चहाबरोबर मोबाइलवरचा नवा नियम वाचून दाखवायची. मी विचारायची, "श्वास घ्यायचाय, त्यालाही पास लागतो का?" ती म्हणायची, "आई, तुम्हाला लागणार नाही. तुमच्या तोंडाला घाबरून रोग येत नाही इकडे."

लालबागपासून गिरगाव दोन किलोमीटरांत बसत नाही. तुझी धाकटी तिकडे. तूच दिलीस तिला, खुर्चीवर बसून काम करणाऱ्याच्या घरात. मला मात्र ह्याच चाळीत दिलीस, तुझ्यापासून दोन खोल्या सोडून, म्हणजे तुझ्या खाणावळीला हात कमी पडायला नको.

धाकटीचं काळीज थकलं होतं. तो रोग नव्हे, जुनंच दुखणं. पाय सुजलेले, उठून बसली तरी धाप लागायची. रोज अकराच्या ठोक्याला फोन. "ताये, कधी येतेस?" मी म्हणायची, "बंद आहे गं." "बरं, उघडलं की ये. आयेसारखी कुळथाची पिठी करून आण. इथे कोणाला जमत नाही."

एकदा निघाले. पिठीचा डबा पदराखाली धरून चालत निघाले. नाक्यावर हवालदारानं अडवलं. "आजी, कुठे?"

"गिरगावात. बहीण आजारी आहे."

"ते दोन किलोमीटरात येत नाही."

"तिचं लग्न ठरवताना आमच्या आयेनं टेप लावली नव्हती रे बाबा."

तो हसला, पण सोडलं नाही. "तुमचं वय बघा. उद्या तुम्हाला काही झालं तर साहेब मला धरतील." मी परत फिरले. येताना तोंडानं सरकारचा उद्धार चालू होता, पण खरं सांगू? आतून सुटल्यासारखं वाटत होतं.

का, ते तुला ठाऊक आहे. नसेल तर ऐक. मी तिसरीत होते. तुझ्याकडे जेवायला वीस माणसं, गिरणीतल्या दोन पाळ्यांची. एका सकाळी मी दप्तर घेतलं तर तू ते हातातून काढून घेतलंस. म्हणालीस, "भाकऱ्या कोण थापणार, तुझी बाई?" आणि माझी पाटी आमटीच्या टोपावर झाकण म्हणून ठेवलीस. मी रडले तर उलथन्याचा चटका दिलास. वाफेनं पाटीवरची अक्षरं गेली. पुढे तीच पाटी धुऊन तू धाकटीला दिलीस. ती मॅट्रिक झाली, हापिसात लागली. मी भाकऱ्या थापत राहिले. तेही गिळलं मी. पण तिच्या घरी पहिल्या हळदीकुंकवाला गेले, तिथे तिच्या सासूनं विचारलं, "ह्या किती शिकल्या?" तर धाकटी हसत म्हणाली, "ताईला शाळेची आवडच नव्हती."

आवडच नव्हती! हे तिला तूच सांगितलं असणार. ती लहान होती, तिनं पाटी बघितली ती धुतलेली. हे मला कळत होतं. तरी चाळीस वर्षं मी तिच्याकडे वाण घेऊन गेले, पिठी घेऊन गेले, आणि दर वेळी ते वाक्य बरोबर घेऊन घरी आले. तिला एकदाही विचारलं नाही.

मग एका मंगळवारी सून म्हणाली, "आई, दोन किलोमीटर काढलं. टॅक्सीही मिळते. आज जाऊन या." मी हो म्हटलं. लुगडं बदललं. पिठी शिजवली. आणि खाटेवर बसून राहिले. अकराला फोन वाजला.

"ताये, येतेस?"

"अजून बंद आहे गं."

ती थोडी थांबली. तिला धाप लागली असेल असं मला वाटलं. मग म्हणाली, "बरं. उघडलं की ये."

बुधवारी तेच. गुरुवारी तेच. पिठी मी आणि सुनेनं खाल्ली. शुक्रवारी पहाटे ती गेली.

मयताला वीस माणसांची परवानगी होती, त्यात मी बसले. टॅक्सीनं पंचवीस मिनिटं लागली, आये. पंचवीस. तिचा नवरा बिछाना आवरत होता. उशीखालून पेपर निघाला, मंगळवारचा, चौकोनी घडी घातलेला. मी अक्षर अक्षर लावून वाचला. दोन किलोमीटरची अट काढली, टॅक्सी सुरू, असं छापलेलं होतं. खाली पेन्सिलीनं सरळ रेघ मारलेली. शाळेत शिकलेली रेघ होती ती, अजिबात हलली नव्हती.

म्हणजे मी बंद आहे म्हणत होते, तेव्हा तिला ठाऊक होतं. तीन दिवस ठाऊक होतं. आणि तिनंही मला विचारलं नाही.

उलथन्याचा डाग अजून मनगटावर आहे. तो मी तुला माफ करणार नाही. हे पत्र मात्र ठेवणार नाही, चुलीवर धरून जाळते. गावाहून आलेली तुझी पत्रं तुला नेहमी धाकटीच वाचून दाखवायची. आता ती तुझ्याकडेच आहे. हेही तीच वाचेल, आणि तिनं हे वाचावं एवढी हिंमत माझ्यात नाही.