ओट्यासमोरची फरशी

४ जानेवारी

दलाल आला आणि स्वयंपाकघरात पहिलं पाऊल नेमकं तिच्यावरच! टक्. ओट्यासमोरची, डावीकडून दुसरी. तीस वर्षं हलतेय. तो दचकला. म्हणाला, काकू, ही तेवढी पक्की करून घ्या, गिऱ्हाइकाला घर दिसत नाही, हलणारी फरशी दिसते. मी सांगितलं की हे फरशी बसवणाऱ्याचंच घर आहे. तर म्हणे, मग तर आणखीच वाईट दिसतं.

खोटं नाही. दिव्याखाली अंधार. ह्यांनी गावभर फरश्या बसवल्या आणि घरात सगळ्या उरलेल्या. हॉलमध्ये बँकेच्या, आतल्या खोलीत इस्पितळाच्या, स्वयंपाकघरात शाळेच्या. सात कामांच्या सात जाती! रंगाला रंग लागत नाही, पण गोटी ठेवली तर जागची हलणार नाही, इतकं सपाट. सगळ्या पक्क्या, ही एक सोडून. "उद्या करतो." मी रोज सकाळी तिच्यावर पाय दिला की कटकट करायची, आणि हे रोज "उद्या" म्हणायचे. हे जाऊन दोन वर्षं झाली आता. उद्या संपले.

५ जानेवारी

लेकीचा फोन, साडेसहाला, रोजच्यासारखा. "चहा झाला का?"

आई, जिवंत आहेस ना, असं विचारता येत नाही, म्हणून चहाचं विचारते. मला कळतं. तिला कळतं की मला कळतं. परवा मी न्हाणीघरात होते, फोन उचलला नाही, तर दहा मिनिटांत शेजारीण दारात — अर्धी वेणी घातलेली, कंगवा डोक्यातच!

म्हणून हा खटाटोप. लेकीच्या इमारतीत, बरोबर तिच्या डोक्यावर, एक घर विकायला निघालंय. हे विकायचं, ते घ्यायचं. बोलायला किती सोपं.

९ जानेवारी

वाचनालयातून घरखरेदीचं पुस्तक आणलं. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं वाचन ओल्या फरशीवर अंथरलेल्या रद्दीतून. काम झालं की हे ती घरी आणायचे, मी सिमेंटचे डाग चुकवत वाचायची. डागाखालचं अजून कळायचं राहिलंय. हे पुस्तक मात्र कोरं आहे.

तर घरांच्या जाती. बैठं घर, म्हणजे माझं — जमीन आपली, गळकं छप्परही आपलं. जोडघर — मधली भिंत दोघांची. खिळा तुम्ही ठोकायचा, फोटो त्यांचा पडणार. फ्लॅट — हवेतला चौकोन. खालची जमीन सगळ्यांची, म्हणजे भांडायला सगळे आणि झाडायला कोणी नाही. आणि भाडेपट्ट्याचं घर — नव्याण्णव वर्षांनी जमीन मूळ मालकाला परत. मला चालेल. तेव्हा मी एकशे बासष्ट वर्षांची असेन, सामान फारसं नसेल.

१४ जानेवारी

फ्लॅट बघितला. जाहिरातीत साडेसहाशे चौरस फूट. मी आत शिरल्याबरोबर खाली बघायला लागले. दलालाला वाटलं काही हरवलं. मी फरश्या मोजत होते. दोन फुटी फरशी, एकशे सतरा, तुकड्याला तुकडा जुळवून. म्हणजे चारशे अडुसष्ट!

दलाल म्हणाला, काकू, ते सुपर बिल्ट-अप असतं. म्हणजे जिना, लिफ्ट, गच्ची, सगळ्यांतला वाटा धरून. मी विचारलं, रखवालदाराची खुर्ची धरली का? लेक माझा हात दाबत होती. पण जाताना दलालानेच म्हटलं की मालकाशी बोलतो, थोडं खाली येतील.

खिडकीतून सकाळचं ऊन येतं. हे मी त्याच्यासमोर बोलले नाही.

१५ जानेवारी

खर्च मांडला. आकडे मोठे झाले की माझं डोकं चालत नाही, म्हणून फरश्यांत मांडला. आमच्या घरात फूटभराच्या साडेचारशे फरश्या, आणि दोन्ही घरांची किंमत जवळपास सारखी. विकताना दलाली नऊ फरश्या. घेताना त्याच माणसाला पुन्हा नऊ — हा गडी दोन्हीकडून ढोलकीसारखा वाजवून घेतो! मुद्रांक आणि नोंदणी मिळून सत्तावीस. वकीलबाई एक. झाल्या शेहेचाळीस.

म्हणजे अख्खं स्वयंपाकघर. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना वाटेत सांडणार.

टेम्पो अजून धरलाच नाही.

२३ जानेवारी

गिऱ्हाईक क्रमांक तीन. नवऱ्याला घर अंधारं वाटलं, बायकोला उजेड फार वाटला. दोघंही टक् वर दचकले.

२ फेब्रुवारी

चष्म्याच्या दुकानवाल्याला घर पसंत आहे. पण सगळीकडे वाकून बघत म्हणाला, फरशी पूर्ण बदलावी लागेल, काहीच जुळत नाही, तेवढा खर्च किमतीतून कापा. एवढ्या जाड चष्म्यातून त्याला रंग दिसले, सपाटी नाही दिसली.

संध्याकाळी लेकीला म्हटलं, ह्यांच्या फरशीचे पैसे कापून देऊ? ती म्हणाली, "आई, वरचं घर दीड महिनाच थांबणार आहे."

कापून दिले.

८ फेब्रुवारी

पुस्तकाचं पान एकशे चार! घराला जे पक्कं चिकटलेलं आहे ते घराबरोबर जातं — पण विकणाऱ्याने करारात वेगळं लिहिलं तर नाही. पंखा, कपाट, आरसा. पुस्तकात फरशी लिहिलेली नाही. फरशी चालत नाही, असंही लिहिलेलं नाही.

११ फेब्रुवारी

वकीलबाईंना सांगितलं, करारात लिहा: फरशी विकलेली नाही, ती माझी, मी काढून नेणार. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. चष्मेवाला तर खूश. फोडायची मजुरी वाचली त्याची! झाल्या सह्या.

लेकीने विचारलं, साडेचारशे फरश्या ठेवणार कुठे? तो विचार मी केला नव्हता.

२० फेब्रुवारी

मिस्त्री आले. ह्यांचे भागीदार, बावीस वर्षं बरोबर काम केलेले. छिन्नी लावली, दोन टोले, फरशी मधोमध फुटली. दुसरी कोपऱ्यातून घेतली. ती पण फुटली. तिसरीला मी थांबवलं.

ते घाम पुसत खालीच बसले. "वहिनी, त्याने बसवलेली फरशी निघत नाही. फुटते."

एवढं सगळं वाचून मला हे कळू नये! तीस वर्षं ज्यांच्या कामाचा तोरा मिरवला, ते काम चांगलं असेल हे मी धरलंच नाही. मला हसू आलं, आणि मग दुसरंही आलं. मिस्त्री तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

शेवटी ओट्यासमोरची बघितली. ती नुसत्या बोटांनी निघाली. अख्खी, एक कोपरासुद्धा न दुखावता. खाली वाळू आणि एक मेलेलं झुरळ. गोष्टीच्या पुस्तकात इथे चिठ्ठी सापडली असती.

तीन खड्डे मिस्त्रींनी माळ्यावरच्या शिल्लक फरश्यांनी भरून दिले.

२४ फेब्रुवारी

मी फरशी काढत नाही हे कळल्यावर चष्मेवाल्याने ती फोडायची मजुरी विचारली आणि हादरला. आता म्हणतो, राहू दे, तशी वाईट नाही. सवलत मात्र खिशात!

मी म्हटलं, दादा, करार वाचा. फरशी माझी आहे. हवी असेल तर विकत घ्या. कापलेत तेवढ्यालाच देते, जास्त नको.

त्याने दोनदा वाचला. एकदा चष्मा लावून, एकदा काढून, आणि कबूल झाला. वकीलबाई या वेळी हसल्या नाहीत. मला त्यांनी स्वतः उठून पाणी दिलं.

१७ मार्च

नोंदणी झाली, दोन्ही घरांची. अंगठे, सह्या, फोटो. फोटोत मी घर लुबाडून पळालेल्या बाईसारखी आलेय.

३० मार्च

सामान गेलं. रिकाम्या घरात एकदा अनवाणी फिरले. बँक, इस्पितळ, शाळा. ओट्यासमोर आता नवी फरशी, घट्ट. पाय दिला. काही वाजलं नाही. कुलूप लावलं.

२ एप्रिल

नव्या घरात मिस्त्री आले. ओट्यासमोरच्या चकचकीत फरशीत, आमच्या त्या जुन्या फरशीसाठी, फूटभर चौकोन कापला. सिमेंट कालवलं आणि थांबले. "वहिनी, पक्की करू ना?"

म्हटलं, मग काय, तीस वर्षं वाट बघितली.

"नाही, त्याला मी दोनदा म्हटलं होतं, दहा मिनिटांचं काम आहे, मी करतो. तर म्हणे, हात लावू नकोस. सकाळी ती वाजली की अंथरुणात कळतं, ही उठली. सगळं ठीक आहे."

सिमेंट मी त्यांना परत न्यायला लावलं.

३ एप्रिल

सहाला उठले. चहा ठेवायला गेले. टक्.

साडेसहाला फोन वाजला नाही. नऊला लेक जिन्यात भेटली, घाईत होती. म्हणाली, "आज चहा लवकर ठेवलास."