मनोऱ्याच्या अलीकडची फळी

किटो, १४ मार्च

प्रिय झोइलाताई,

पत्र माझंच आहे. अक्षर ओळखून लगेच चुलीत घालू नकोस, निदान दुसऱ्या पानापर्यंत तरी दम धर. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पोट सुटलंय. बाकी होतो तसाच आहे, म्हणजे कौतुक करण्यासारखं फारसं काही नाही. इकडे दुपार झाली की पाऊस येतो आणि मी रोज सकाळी छत्री घरी विसरतो.

बॅसिलिका दाखवायचं काम अजून चालू आहे. एकोणीस वर्षं झाली. भिंतीवरची दगडी कासवं दाखवायची, माकडं दाखवायची. हे चर्च पुरं झालं की जग बुडणार असं लोक म्हणतात, ते सांगायचं. मग म्हणायचं, "म्हणून तर आमचे गवंडी सावकाश काम करतात. जगाची काळजी आहे बिचाऱ्यांना!" हशा ठरलेला.

त्यानंतर येतो माझा सगळ्यात गाजलेला किस्सा. तो तुला सांगायला हवा, कारण तो तुझ्या नवऱ्याचा आहे.

छताच्या पोटातून मनोऱ्याकडे जाणारी ती लांब लाकडी फळी आठवते ना? तिथं मी सगळ्यांना थांबवतो. "याच फळीवर माझे होणारे मेहुणे, कुएंका शहराचे टोपीवाले, मधोमध बसले आणि आईच्या नावानं भोकाड पसरलं. रांगत परत आले!" मग मी रांगून दाखवतो. ताई, जर्मन लोकसुद्धा हसतात. शेवटी म्हणतो, "आता तुम्ही वर जाऊन या, मी पिशव्या सांभाळतो."

गेल्या मंगळवारी जर्मन मंडळी होती. सगळे हसले, त्यांच्यात मिसळलेली एक मुलगी हसली नाही. सगळे वर गेले, ती थांबली.

"तुम्ही नाही येत?" सूर ऐकूनच कळलं, कुएंकाची. तुमच्याकडचं ते गाणं म्हटल्यासारखं बोलणं!

"गुडघे. एकोणीस वर्षं इथंच पिशव्या सांभाळतो," मी म्हणालो.

"एकोणीस वर्षं गुडघेच?"

"कुएंकाची का गं तू? तुमच्या कॅथेड्रलचे मनोरे बुटके. तुला चढायची भीती वाटत असेल, म्हणून मला पुढं घालतेस."

"आमचे बाबाही हा किस्सा सांगतात," ती म्हणाली. "फक्त रडणारा कोण होता, ते सांगत नाहीत. 'होता एक पोरगा, बहिणीवर फार जीव होता त्याचा,' एवढंच म्हणतात. मी नूबे. झोइलाची मुलगी. तुम्ही मामा ना?"

मी मटकन पिशव्यांच्या ढिगावर बसलो. कुणाच्या तरी पिशवीत केळी होती.

आता लिहितोच. रडलो तो मी. दाजी तुला मागणी घालायला आले, तेव्हा त्यांना घाबरवायला मीच वर नेलं. म्हटलं, "टोकापर्यंत चढलात तर बहीण तुमची." फळीच्या मध्यावर माझेच पाय लटपटले. खाली पाहिलं आणि संपलंच. त्यांनी माझा पट्टा धरला, शेताच्या, मक्याच्या गप्पा मारत मारत मला मागं आणलं. आणि संध्याकाळी मी आईसमोर सगळं उलटं सांगितलं. मला वाटलं, आता हे भांडतील. ते नुसते हसले आणि त्यांनी आणखी सूप मागितलं. तू मात्र माझ्यावर चिडलीस. त्या हसण्याला तोंड कसं द्यायचं ते कळेना, म्हणून मी तुझ्या लग्नाला आलो नाही. कुएंकाचा पोरगा पसंत नव्हता, हे सगळं नंतर जुळवलेलं.

नूबे म्हणाली, "चला." अगदी तुझ्यासारखी, उत्तराची वाट न बघता. फळीच्या मध्यावर पोचलो तोच जर्मन मंडळी वरून परतली. पुढं ते, मागं ती, मी अडकलो. वळता येईना. "काय झालं?" म्हणून त्यांनी विचारलं आणि मी तिथंच, डोळे मिटून, सगळं खरं सांगून टाकलं. कुणी हसलं नाही. एका म्हातारीनं माझ्या हातात लिमलेटची गोळी ठेवली, मग सगळे एकेक करून मला चिकटून पलीकडं सरकले. त्यानंतर मी वरपर्यंत गेलो. शहर छान दिसतं, ताई. लोकांना इतकी वर्षं हेच सांगत होतो, ते खरं निघालं.

खाली आल्यावर पोरीनं स्वतःच्या लग्नाची पत्रिका दिली. पाकिटावर माझं नाव दाजींच्या अक्षरात. "आईला माहीत नाही मी इथं आलेय," म्हणाली. तिला रागावू नकोस.

पत्रिका मिळाली, पण ती दाजींची. तुझ्याकडून 'ये' एवढंच यायचं राहिलंय. ते आलं तर आदल्या दिवशीच बस धरेन, आणि दाजींची माफी सगळ्यांसमोर मागेन, जेवणं व्हायच्या आत. नाही आलं तरी मला समजेल. फक्त आज तू दाजींना जेवायला वाढशील तेव्हा थोडं जास्त वाढ. का, ते सांगू नकोस.

अजून हे नातं लावायची परवानगी असेल तर,
तुझा धाकटा भाऊ
एलिसेओ